‘झुंबर काळंच परत दिलं’: आमचं उत्तर

नमस्कार ताई,

दोन तारे देऊन तुम्ही चार तक्रारी लिहिल्यात. चवथीचा, म्हणजे गणेशचतुर्थीचा, वायदा करून झुंबर दसऱ्याला दिलं, पितळ काळपटच ठेवलं, न विचारता वायर बदलून बिल 6,400 वर नेलं आणि आजोबांच्या वेळचे बल्बचे होल्डर हरवले.

होल्डरांबद्दल बोलायला मला तोंडच नाही. चिनी मातीचे, आट्यांचे पाच होल्डर होते. दोन तडकलेले, तीन धड. आमच्या पोराने पाचही भंगारात टाकले आणि मी दुकानात असून लक्ष दिलं नाही. आता काढलेला प्रत्येक तुकडा पिशवीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात देतो. तुम्हाला त्याचा काय उपयोग, हेही खरंच.

उशीरही माझाच. भर पावसात पितळेवर लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारला की हवेतल्या दमटपणाने त्यावर पांढुरकी झाक धरते. एकदा धरली, उतरवून पुन्हा मारला, पुन्हा तेच. गोव्यात श्रावणात हे होणार हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही समोर उभ्या राहून ‘चवथ’ म्हणालात आणि माझ्या तोंडून ‘हो’ गेलं. नंतर फोनही केला नाही, तो तुमचाच आला.

वायरीचं मात्र वेगळं. खर्चासाठी आधी विचारायला हवं होतं, मान्य. पण जुनी वायर ठेवून झुंबर मी दिलंच नसतं. सुती वेष्टणाखालचं रबर बोटाने वाकवलं तर चहापुडीसारखं गळत होतं. सगळा सांगाडा धातूचा, अर्थिंग नाही. एका होल्डरात तर फेज, म्हणजे करंटची वायर, मधल्या टोकाला न देता आट्यांच्या कड्याला दिलेला. बल्ब फिरवताना बोट नेमकं तिथेच लागतं. नवी वायर झुंबराच्या अरुंद नळ्यांतून ओवायची, तर आधी नळीच्या तोंडाची धार कानशीने मारावी लागते, नाहीतर वायर सोलत जाते. पाच नळ्यांना दोन दिवस गेले. बिल तिथे वाढलं.

आता काळपटपणा. काउंटरवर तुम्हीच सांगितलंत की तीन नळ्या रात्रभर चिंचेच्या कोळात ठेवून सकाळी तारेच्या घासणीने घासल्या. त्यावरचे गुलाबी डाग त्याचेच. आंबटात पितळ फार वेळ राहिलं की त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि वर तांबं उरतं. समई आपण चिंचेनेच घासतो की, असं तुम्ही म्हणालात. घासतो, पण समई जाड ओतीव, आणि लगेच धुऊन पुसतो. नळीचा पत्रा पातळ. डाग घालवायला मशीनवर घासून बफिंग केलं असतं तर तिच्यावरची वेलबुट्टी सपाट झाली असती. म्हणून फक्त हिरवा कळंक काढला आणि रंग तसाच राखला. चकचकीतच हवं असेल तर दुसरीकडे करून मिळेल, मी करणार नाही.

यापुढे चिंच नको, पावडर नको, लॅकर निघेल. पितळेला कोरडं मऊ फडकं पुरे. लोलक तेवढे उतरवून कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब घालून धुवा. उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, नाहीतर कुठला कुठे होता ते शोधताना रडकुंडीला याल.

होल्डरांपोटी 1,500 रुपये परत पाठवतो.

आणि एक. तक्रारीसोबतच्या तुमच्या फोटोत छताच्या हुकापाशी हिरवी वायर टेपने गुंडाळलेली दिसते. ती अर्थिंगची. म्हणजे झुंबर लावणाऱ्याने ती जोडलेलीच नाही. शनिवारी मी डिचोलीला येतो आहे, सोबत वायरमन आणतो. त्याचे पैसे लागणार नाहीत. तोवर झुंबराचे दिवे लावू नका, आणि फडकं मारायचं झालं तर मेन बंद करूनच.