न उघडलेल्या बॅगांचं रजिस्टर (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका,

('काका' म्हटलेलं चालेल ना? कस्टममधून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली असं तुम्हीच लिहिलंय, त्या जोरावर म्हणतोय.)

सीमेवर कोणाला थांबवायचं हे यंत्राने ठरवण्यावर, म्हणजे स्वयंचलित तपासणीवर, मी गेल्या आठवड्यात जी टीका केली, त्यावर तुमची लांबलचक आणि चांगलीच तिखट प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांचं म्हणणं, मी यंत्राचा बागुलबुवा केलाय. यंत्राला ना जात कळते ना धर्म, भेदभाव करतो तो माणूस. त्यांच्या नोकरीत आखाती विमानातून उतरलेल्या मजुराच्या खोक्याची दोरी हमखास सोडली जायची आणि लंडनहून आलेला सूटवाला ट्रॉली ढकलत ग्रीन चॅनेलमधून (म्हणजे 'जाहीर करण्याजोगं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या वाटेने) निघून जायचा. 'यंत्र असतं तर निदान दोघांना एकाच मापाने मोजलं असतं.' शिवाय युरोपातल्या खोटं पकडणाऱ्या यंत्राबद्दल मी चुकीचं लिहिलं. आणि शेवटी, कर नाही त्याला डर कशाला.

आधी माझी चूक. 'आयबॉर्डरकंट्रोल' नावाची ती यंत्रणा युरोपच्या सीमांवर 'वापरली जाते' असं मी लिहिलं होतं. ते चूक, मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. २०१६ ते २०१९ या काळातला तो संशोधन प्रकल्प होता. युरोपीय संघाने त्याला सुमारे ४५ लाख युरो दिले आणि हंगेरी, ग्रीस, लाटव्हिया इथे चाचण्या झाल्या. प्रवाशाने घरूनच वेबकॅमसमोर बसायचं, पडद्यावरचा गणवेशातला चित्रातला पोलीस विचारणार 'बॅगेत काय आहे?', आणि उत्तर देताना चेहऱ्याच्या बारीक हालचालींवरून यंत्र ठरवणार की माणूस खोटं बोलतोय का. पुढे ती कायम बसवली गेली नाही. पण एक सांगा, चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं असं तुम्ही तरी छातीठोक म्हणाल का? रात्रभराच्या विमानानंतर, हातात फाइल, समोर गणवेश, अशा वेळी आमच्या घरातला कोणीही गुन्हेगारच दिसेल.

आता मुद्द्याचं. तुमची ती दोरीवाली गोष्ट मी तीनदा वाचली, कारण माझ्या लेखात जे नीट उतरलं नाही ते तिच्यात आहे. समजा, तुमच्या काळातली सगळी रजिस्टरं कोणीतरी संगणकात भरली आणि म्हणालं, यातून शिक आणि उद्या कोणाची बॅग उघडायची ते सांग. ते काय शिकेल? सोनं सापडलं ते खोक्यांत, कारण उघडली गेली ती खोकी. सूटवाल्याच्या बॅगेत काय होतं ते रजिस्टरला ठाऊकच नाही. यंत्र प्रामाणिकपणे हिशेब करेल आणि सांगेल, आखाती विमान, मजूर, दोरीचं खोकं: तपासा. त्याला जात कळत नाही, धर्मही नाही. तुमच्या सहकाऱ्यांची सवय मात्र त्याने उचललेली असते. तुम्हाला जे दिसून खटकलं ते त्याला खटकणारही नाही.

ही कल्पना नव्हे, ब्रिटनमध्ये असंच घडलं. तिथल्या गृहखात्याकडे २०१५ पासून व्हिसाचे अर्ज चाळणारी एक प्रणाली होती. ती प्रत्येक अर्जाला रंग द्यायची: हिरवा, पिवळा, लाल. रंग ठरवताना अर्जदाराचं राष्ट्रीयत्व मोजलं जायचं आणि 'संशयास्पद' राष्ट्रीयत्वांची एक गुप्त यादी होती. यादीतल्या देशाचा अर्ज लालकडे झुकायचा. लाल अर्जाची तपासणी कडक, वेळ जास्त, नकारही जास्त. आणि खरी मेख पुढे आहे. कोणत्या देशाला यादीत ठेवायचं हे ठरवताना त्या देशाच्या अर्जांना किती नकार मिळाले तेही धरलं जायचं. म्हणजे लाल म्हणून नकार, आणि नकार म्हणून पुन्हा लाल! तंत्रज्ञानाच्या गैरवापराविरुद्ध लढणारी फॉक्सग्लोव्ह आणि स्थलांतरितांच्या हक्कांसाठी काम करणारी जेसीडब्ल्यूआय या संस्था कोर्टात गेल्या, आणि सुनावणी होण्याआधीच ऑगस्ट २०२० मध्ये गृहखात्याने ती प्रणाली बंद केली. त्यामुळे कोर्टाचा निकाल असा लागलाच नाही, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच सांगतो.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूची. कॅनडाने २०१८ मध्ये भारत आणि चीनमधून ऑनलाइन येणाऱ्या व्हिजिटर व्हिसाच्या अर्जांवर अशीच वर्गवारी सुरू केली. पण सरळसोट अर्ज यंत्राने पुढे ढकलायचे, नकार द्यायचा तर तो अधिकाऱ्यानेच, असा नियम ठेवला. वर्गवारी कशी होते याबद्दल माझ्या शंका आहेतच, तरी या रचनेत निदान नकाराखाली सही करणारा कोणी आहे.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रांबद्दल तुम्ही 'ते सगळं जुनं झालं' म्हणालात. अर्धं खरं. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये चेहरा ओळखणाऱ्या १८९ अल्गोरिदमची (म्हणजे संगणकाच्या हिशेबाच्या पद्धतींची) तपासणी जाहीर केली. त्यात व्हिसाचे आणि सीमेवर काढलेले फोटोही होते. अनेक अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकी वंशाच्या चेहऱ्यांची दुसऱ्याच कोणाशी चुकीची जुळणी होण्याचं प्रमाण गोऱ्या चेहऱ्यांच्या १० ते १०० पट निघालं. सर्वांत अचूक अल्गोरिदमपैकी काहींत मात्र हा फरक जवळपास दिसला नाही, म्हणजे सुधारणा शक्य आहे. मला त्या अहवालातली वेगळीच नोंद गमतीची वाटते: चीनमध्ये तयार झालेल्या काही अल्गोरिदमना पूर्व आशियाई चेहरे ओळखायला अडचण नव्हती. ज्या घरात वाढलं त्या घरची माणसं बरोबर ओळखतं! प्रश्न इतकाच, की कोणत्या गेटवर यातलं कोणतं बसवलंय हे रांगेतल्या माणसाला कोण सांगणार?

'९९ टक्के अचूक' या आकड्यावर तुमचा फार भरवसा दिसतो. चला, धरू. एक कोटी प्रवासी, त्यांत १०० खरे बदमाश. ९९ टक्के अचूक यंत्र ९९ बदमाश पकडेल, आणि त्यांच्याबरोबर एक लाख निरपराधांना बाजूला काढेल. हे माझं कागदावरचं गणित. प्रत्यक्षातलं हवं असेल तर विमानप्रवाशांची माहिती यंत्राने चाळण्याबद्दलचा युरोपीय न्यायालयाचा जून २०२२ चा निकाल बघा. यंत्राने बोट दाखवलेल्या दर सहा जणांपैकी किमान पाच जण माणसाने तपासल्यावर चुकीचे निघाले, असं २०१८ आणि २०१९ सालचं चित्र त्यात नोंदलंय. म्हणूनच न्यायालयाने माणसाची तपासणी आवश्यक धरली, आणि आपल्या कसोट्या आपणच बदलत जाणारी, स्वतः शिकणारी प्रणाली तिथे चालणार नाही असं बजावलं.

आता 'डर कशाला'. शाहरुख खानचं नाव तुमच्याही लक्षात असेल. २००९ मध्ये त्याला अमेरिकेतल्या नेवार्क विमानतळावर अडवून ठेवलं, आणि आपलं नाव संगणकावर आल्यामुळे अडवलं असं त्याने सांगितलं. २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला पुन्हा तेच. (तेव्हा वाट बघता बघता पोकेमॉन पकडले, असं ट्वीट त्याने केलं होतं. विनोदबुद्धी शाबूत होती म्हणायची.) त्याच्यासाठी वकिलात धावली. त्याच आडनावाचा रत्नागिरीचा एखादा खलाशी पहाटे तीन वाजता त्याच बाकावर बसला, तर त्याने कोणाला फोन करायचा? त्याचा कर नाहीच. डर आहे तो पुढचं जहाज चुकण्याचा.

माझ्या आईचं सांगतो, म्हणजे मी यंत्रद्वेष्टा नाही हे तरी पटेल. बहिणीकडे जाताना एका परदेशी विमानतळावर तिची बोटं काचेवर उमटेनात. चाळीस वर्षं राखेने, मग पावडरने भांडी घासलेली बोटं, रेषा उरणार कुठून? तांबडा दिवा. पुन्हा ठेवा, पुन्हा तांबडा. मागची रांग चुळबुळायला लागली. आई माझ्याकडे अशी बघत होती की जणू तिनेच काहीतरी लपवलंय. काउंटरवरची बाई उठली, स्वतःचं बोट स्वतःच्या कपाळावर घासून दाखवलं आणि खुणेने म्हणाली, असं करा. आईने कपाळाचं तेल बोटांना लावलं, आणि दिवा हिरवा झाला. यंत्र तेच, बोटंही तीच. त्या बाईच्या जागी नुसतं बंद दार असतं तर आम्ही कुठल्या खोलीत गेलो असतो, कोण जाणे.

म्हणून माणूस वाईट की यंत्र, हा वादच मला नको आहे. तुम्ही पाहिलेला अन्याय खरा आहे. नेदरलँड्समध्ये तर सीमेवरच्या पोलिसांनी प्रवाशांना निवडताना वंश हा निकष धरणं हा भेदभावच आहे, असं हेगच्या अपील कोर्टाने २०२३ मध्ये ठरवलं. पण बघा ना, ते पोलीस होते म्हणून त्यांना कोर्टात खेचता आलं, 'याला का थांबवलंस?' असं विचारता आलं. लाल रंग मिळालेल्या अर्जदाराला आपण लाल आहोत हेच ठाऊक नव्हतं. आणि खिडकीमागचा अधिकारी सहसा रंगाच्या विरुद्ध जात नाही. हिरवा केला आणि उद्या काही झालं तर मान त्याची, लाल ठेवला तर कोणीच विचारत नाही. सरकारी नोकरीतलं हे गणित मी तुम्हाला काय सांगणार?

एक विचारायचं राहिलं, आणि ते खरंच विचारतोय, टोमणा नाही. तुमच्या सगळ्या वर्षांत, संशय नसताना, दर पन्नासावी किंवा शंभरावी बॅग उघडून बघायची आणि काय निघालं, काय नाही, ते लिहून ठेवायचं, असं कोणी कधी केलं का? सूटवाल्यांसकट? तसं एखादं रजिस्टर असेल तर मला ते यंत्रापेक्षा जास्त बघायला आवडेल.