गुरगुरणं थांबलं, भीती गेली का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

चावऱ्या किंवा भित्र्या कुत्र्यासाठी ट्रेनर कसा निवडावा, या माझ्या लेखाला तुम्ही पैसेवाल्यांचे लाड म्हटलंत. आजोबांच्या वाड्यातली कुत्री काठीनेच शहाणी झाली, घरात म्होरक्या कोण हे त्यांना दाखवावंच लागतं, असंही लिहिलंत. तुमच्या जर्मन शेफर्डला ट्रेनरने चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) घालून तीन आठवडे स्वतःकडे ठेवलं आणि आता तो पाहुण्यांवर गुरगुरत नाही. शेवटी जाता जाता लिहिलंत, की मे महिन्यात मुलगी नातवाला घेऊन इंदूरला येते आहे. त्या वाक्यामुळे मला स्वस्थ बसवेना.

वाड्यातल्या कुत्र्याला माणूस नकोसा झाला तर ते उठून अंगणापलीकडे जाऊ शकत होतं. आज फ्लॅटमध्ये पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला ती सोय नाही.

आणि म्होरक्याची कल्पना आली ती एकत्र कोंडलेल्या, परक्या लांडग्यांच्या निरीक्षणातून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती सर्वदूर पोचवली. त्यांनीच १९९९ मध्ये लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पाहुण्यावर गुरगुरणाऱ्या कुत्र्याला घरावर राज्य करायचं नसतं. बहुतेक वेळा ते घाबरलेलं असतं आणि समोरच्याने लांब जावं एवढंच त्याला हवं असतं.

त्याच क्षणी गळ्याला हिसका बसला, की पाहुणा आला म्हणजे दुखणार, हे ते शिकतं. गुरगुरलं की शिक्षा, हेही शिकतं. मग इशारा बंद होतो, भीती आत तशीच. 'काही कारण नसताना एकदम चावला' असं आपण ऐकतो, त्यातल्या कितीतरी कुत्र्यांचं गुरगुरणं आधी कुणीतरी मारून बंद केलेलं असतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये १४० कुत्र्यांच्या मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी ४३ टक्के मालकांनी सांगितलं, की कुत्रं उलट अंगावर आलं.

लाडांचं म्हणाल, तर सुदामानगरमधल्या आमच्या परिचितांकडे आलेल्या ट्रेनरचं सांगते. पहिल्या दिवशी त्याने कुत्र्याला हातसुद्धा लावला नाही. जिन्यापाशी कुत्र्याकडे पाठ करून बसला आणि प्रश्न विचारत राहिला: दूधवाला येतो तेव्हा हा कुठे असतो, जेवताना कुणी जवळ गेलं तर काय करतो, झोपेतून उठताना लंगडतो का? मधूनमधून न बघता मागे चिकनचा तुकडा टाकायचा. कुत्रं मान लांब करून, मागचे पाय तिथेच रोवून, तुकडा उचलायचं आणि मागे सरायचं. डाव्या कानाजवळ हात नेला की चावतो हे कळल्यावर तो म्हणाला, "पहले डॉक्टर को दिखाओ, फिर मुझे बुलाना." कान आतून चिघळला होता. महागडं त्यात काय होतं?

आपल्याकडे ट्रेनर म्हणवून घ्यायला परवाना लागत नाही, पाटी कुणीही लावावी. म्हणून मी एकच प्रश्न आधी विचारायला सांगते: कुत्रं चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता? जो "सीधा कर देंगे" म्हणून हमी देतो आणि शिकवताना आपल्याला समोर थांबू देत नाही, त्याच्याकडे भित्रं कुत्रं सोपवू नये. या मतावर मी ठाम आहे.

आता तुमचं. पुढचा पाहुणा येईल तेव्हा तुमच्या कुत्र्याकडे नीट बघा. तोंड घट्ट मिटलंय का? मान न वळवता डोळ्यांच्या कडेने बघतोय, पांढरं दिसतंय? आवडीचा तुकडाही घेत नाही? मग तो गप्प आहे, निवांत नाही. या जातीत खुब्याचं दुखणं बरंच आढळतं, तेव्हा महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे एकदा तपासून घ्या.

तोंडाची जाळी आजच आणा, पिंजऱ्यासारखी, मोकळी. कापडी पट्टी नको; तिच्यात त्याला धापा टाकता येणार नाहीत आणि इंदूरचा मे तुम्हाला माहीतच आहे. जाळी जबरदस्तीने चढवू नका. आत तुकडा ठेवून त्याला स्वतःहून तोंड घालू द्या, रोज थोडं थोडं. आणि जाळी असली तरी नातवाला त्याच्याबरोबर एकटं सोडू नका, पाणी आणायला आत जाण्यापुरतंसुद्धा नाही.