शाळेची जागा घेतली, मग शाळा कुठे गेली?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा चढली तेव्हा आमच्या शाळेत छावणी झाली. व्हायलाच हवी होती, त्याबद्दल कुरकुर नाही. पाचवीच्या वर्गात दोन कुटुंबं, बाकांवर ओल्या गोधड्या, फळ्यावर आदल्या आठवड्यातली बेरीज तशीच. पण पाणी उतरून, चिखल काढून पुन्हा वर्ग भरेपर्यंत मुलांनी बसायचं कुठे, हे एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आम्ही शिक्षकांनीही नाही. गावातलं मोठं मंगल कार्यालय उंचावर, कोरडं ठणठणीत. त्याला कुलूप.

हे आठवलं चॅट्सवर्थमुळे. इंग्लंडात डर्बीशायरमधला हा ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा अवाढव्य वाडा. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि वेल्सच्या किनाऱ्यावर कॉल्विन बेला असलेल्या पेनऱ्होस कॉलेज या मुलींच्या निवासी शाळेची इमारत सरकारनं अन्न मंत्रालयासाठी घेतली. (सरकारला जागा लागली की आधी शाळाच दिसते, तिकडेही!) पण इमारत गेली तरी शाळा राहिली. वाड्यातलं सामान अकरा दिवसांत बांधून झालं, आणि त्याच सप्टेंबरात सुमारे ३०० मुली आपल्या शिक्षिकांसह तिथे राहायला आल्या. १९४६ पर्यंत राहिल्या.

ड्यूकला दानशूर कर्ण समजू नका. असा वाडा आज ना उद्या लष्कराच्या ताब्यात जाणार हे त्याला दिसत होतं. सैनिकांनी घर वापरण्यापेक्षा शाळकरी मुली परवडल्या, असा सरळ हिशेब. मला हा हिशेबच आवडला. आपण मदत करणाऱ्याचं मन किती निर्मळ ते तपासत बसतो. तिकडे ड्यूकचं घर वाचलं, पोरींची वर्षं वाचली.

मजा काय असेल बघा. ज्या दालनांत राजेरजवाडे उतरावेत अशी रचना, छतावर रंगवलेले देवदेवता, आणि खाली खाटांच्या रांगा. अंघोळीला गरम पाणी पुरायचं नाही. हिवाळ्यात बागेतलं लांबलचक तळं गोठलं की त्यावर स्केटिंग. आणि एक गोष्ट तर डोक्यातून जात नाही. इतक्या मुली रात्री तिथे झोपायच्या, की त्यांच्या श्वासाचं दव धरून काही चित्रांच्या मागे बुरशी आली.

अर्थात या फी भरणाऱ्यांच्या पोरी. बॉम्बहल्ल्यांच्या भीतीनं शहरातल्या साध्या घरची मुलं गळ्यात नावाची चिठ्ठी आणि खोक्यात गॅस मास्क घेऊन आगगाडीनं खेड्यात उतरली. बाजारात भाजी निवडावी तशी कित्येकांना गावकऱ्यांनी निवडून घरी नेलं. त्यांच्यासाठी वाडा नव्हता. पण तिथेही अनेक गावांनी शाळा दोन पाळ्यांत भरवली, सकाळी गावची मुलं, दुपारी पाहुणी. यासाठी काही ड्यूक लागत नाही. आमच्याच कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. त्या छावणीतही पोलिश भाषेतल्या शाळा चालल्या. देश सुटला होता, घर नव्हतं, आणि गृहपाठ चालू!

आणि आपण? पूर आला की शाळेला सुट्टी. कधीपर्यंत, तर पुढील सूचना येईपर्यंत.

यंदा मे महिन्यातच ग्रामपंचायतीत जाऊन विचारणार आहे, पूर आला तर मंगल कार्यालयाची किल्ली कुणाकडून घ्यायची. ऑगस्टात लग्नाचे मुहूर्त असतात किती? भिंती खराब होतील असं मालक म्हणेल. होतील थोड्या. तो आमचाच माजी विद्यार्थी आहे, आणि सातवीत गणितात कसा पास झाला ते त्याला नि मला दोघांनाच ठाऊक आहे.