तेल चालूच राहिलं, त्याचं काय?

दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिका अलिप्त बसली म्हणून हुकूमशहांचं फावलं, हा तुमच्या लेखातला मुद्दा पटतो. पण सगळं खापर एकट्या अमेरिकेवर फोडणं जरा सोयीचं झालं. १९३५ चा अबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया, बघा. ऑगस्टमध्ये अमेरिकेने तटस्थता कायदा केला, ऑक्टोबरमध्ये इटलीचा हुकूमशहा मुसोलिनीचं सैन्य तिथे घुसलं. कायद्याने दोन्ही बाजूंना शस्त्रविक्री बंद! इटलीकडे स्वतःचे कारखाने होते, अबिसिनियाचा सम्राट हैले सेलासीकडे काय होतं? म्हणजे फटका बसला तो मार खाणाऱ्यालाच. तेल तर त्या बंदीत नव्हतंच. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्टनी व्यापाऱ्यांना नैतिकतेचं आवाहन केलं, त्याला कोण भीक घालतो!

पण राष्ट्रसंघाने (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) तरी काय दिवे लावले? इटलीवरच्या त्यांच्याही निर्बंधांतून तेल वगळलेलं. ब्रिटनने सुएझ कालवा उघडाच ठेवला, इटलीची सैन्याची जहाजं त्यातूनच गेली. वर डिसेंबरात ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होर आणि फ्रान्सचे पंतप्रधान लाव्हाल अबिसिनियाचा मोठा लचका मुसोलिनीला द्यायला निघाले होते. बातमी फुटली म्हणून होरना राजीनामा द्यावा लागला. मार्च १९३६ मध्ये हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये, म्हणजे जर्मनीच्या ज्या भागात सैन्य ठेवायला तहाने बंदी होती तिथे, सैन्य घातलं, ते माझ्या मते हा सगळा तमाशा बघूनच. लेखात म्युनिकवर (हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा भाग देणारा १९३८ चा करार) एवढं लिहिलंय, अबिसिनियाला मात्र एक ओळसुद्धा नाही.