जागा पाहावी झोपून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी म्हटलं त्यांनी तंबू कधी ठोकला नसावा. नाहीतर तिसरा तुकडा त्यांनीच जोडला असता : जागा पाहावी झोपून. मी अशा सात-आठ जागा झोपून पाहिल्या आहेत. ‘झोपून’ म्हणजे नुसतं आडवं पडून. मला झोप लागली असा आरोप अजून कोणी केलेला नाही.

आमची चूक एकच, पण ती आम्ही दर खेपेला नव्या उत्साहाने करतो. जागा उभ्याने निवडतो. दुपारचे चार वाजलेले असतात, ऊन कललेलं असतं, आणि नवरा कमरेवर हात ठेवून म्हणतो, “वा! इथून काय दिसतंय!” दिसतं खरंच. पण अंधार पडला की त्या दिसण्याचा कारभार आटोपतो. पुढचे नऊ-दहा तास जे काही भोगायचं ते पाठीने, कानांनी आणि नाकाने. आणि या तिघांना दुपारी कोणी काही विचारलेलं नसतं.

फसवणूक फोटोपासूनच सुरू होते. फोटोत एक तळं, एक झाड आणि एकच तंबू. आपण पोचतो तेव्हा तळं तेच असतं, झाडही तेच असतं, फक्त दोघांच्या मध्ये चाळीस तंबू असतात. वाइड अँगल लेन्समधून अंगणातल्या डबक्याचाही समुद्र करता येतो, हे कळायला मला तीन सहली लागल्या. मग मी लोकांचे अभिप्राय वाचू लागले. पाच तारे देणाऱ्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. ‘धमाल आली! रात्रभर गाणी!’ असं लिहिणारा म्हणजेच जनरेटर लावून शेजाऱ्यांना रात्रभर जागवणारा. एक तारा देणारा पावसावर चिडलेला असतो आणि राग जागेवर काढतो. वाचावेत ते दोन ताऱ्यांचे अभिप्राय. तो माणूस रात्रभर जागाच असल्यामुळे त्याने शांतपणे विचार केलेला असतो.

आता स्वच्छतागृहाबद्दल. यावर आमच्या घरात इतकी चर्चा झाली आहे की तेवढ्या वेळात एक बांधून झालं असतं. पहिल्या सहलीत मी हट्टाने अगदी शेजारची जागा घेतली. मुलं लहान आहेत, सोय हवी. त्या दाराला स्प्रिंग होती. माणूस आत गेला की धाड, बाहेर आला की धाड. वर रात्रभर जळणारा दिवा थेट आमच्या तंबूवर, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची सावली कापडावरून सरकायची. पहाटे तीनपर्यंत मी चपलांच्या आवाजावरून माणसं ओळखू लागले होते. त्यातले एक गृहस्थ चार वेळा आले. त्यांची तब्येत आता कशी आहे, असं मला आजही अधूनमधून वाटतं.

दुसऱ्या सहलीत सूड म्हणून सगळ्यात लांबचा कोपरा घेतला. शांतता अप्रतिम. पण रात्री अडीचला जाग आली की ‘जावं की पहाटेपर्यंत कळ काढावी’ या वादात अर्धा तास जायचा. मग बॅटरी शोधा, बूट शोधा, बुटात काही शिरलेलं नाही ना ते झटकून बघा. त्यात तंबूची चेन. दिवसा ती गुपचूप उघडते, रात्री मात्र सगळ्या आसमंताला जागं करते. शिवाय वाटेत लोकांच्या तंबूंच्या ताणाच्या दोऱ्या. एकीला अडखळून मी कोणाच्या तरी छतावर हात टेकला. आतून अत्यंत घाबरलेल्या आवाजात “कोण आहे?” असं आलं. “मीच,” एवढंच मला सुचलं.

सध्या माझं माप असं : दाराची धाड ऐकू येणार नाही इतकं लांब आणि धीर सुटणार नाही इतकं जवळ. पावलांत किती, ते ज्याच्या त्याच्या धीरावर.

पाण्याकाठी झोपण्याचं वेड मात्र नवऱ्याचं. पाण्यापासून निदान 60 मीटर लांब राहावं, असा जाणत्यांचा दंडक आहे. पाणी घाण होत नाही आणि रात्री प्यायला येणाऱ्या जनावरांची वाट अडत नाही. आमचे हे म्हणाले, “सहाच मीटर चांगलं दिसतं.” डास आले हे सांगायला नकोच. सकाळी तंबू आतून ओला होता. काठावरची हवा दमट, त्यात चार माणसांचे श्वास, आणि हवा खेळायची जाळी ह्यांनी थंडी वाजते म्हणून बंद केलेली. धाकट्याने विचारलं, “आई, आपण आतच पाऊस पाडला का?” त्याहून नवलाची गोष्ट आवाजाची. रात्री पाण्यालगतची हवा गार असते आणि तिच्या वरची ऊबदार. त्यामुळे आवाज वर न जाता खाली वळतो आणि पाण्यावरून लांबवर पोचतो. पलीकडच्या काठावर एका जोडप्याचं भांडण चाललं होतं. शब्द न् शब्द उशाशी. बाजू पूर्णपणे तिची होती. मी तसं ह्यांना सांगितलं, तर ह्यांनी त्याची बाजू घेतली आणि अलीकडच्या काठावरही भांडण सुरू झालं.

मग एकदा गवत. चहूकडे उघडी, टणक माती आणि मधोमध गालिच्यासारखा हिरवागार तुकडा. एवढ्या गर्दीत तो रिकामा कसा, याचंही आम्हाला आश्चर्य वाटलं नाही. उलट आपलं नशीब म्हणून आम्ही धावत जाऊन तंबू टाकला. गवत नेमकं इथेच हिरवं का, हा प्रश्न दुपारी चारला पडायला हवा होता. तो रात्री दोनला पडला, पाऊस सुरू झाल्यावर, पाठ भिजल्यावर. तो खळगा होता. आजूबाजूचं सगळं पाणी मुक्कामाला तिथेच येतं. आमच्या आधीपासून येतं.

खळग्याची ही तऱ्हा, तर दरीच्या तळाला पाऊस नसतानाही सुख नाही. गार हवा जड, ती रात्री उतारावरून ओघळून खाली साचते. माथ्यावर जावं तर वारा तंबू पाठीवर घेऊन निघतो, आणि वीज कडाडली तर तिथे उंच असे आपणच. उताराच्या मध्यावरची थोडी सपाट, थोडी आडोशाची जागा सगळ्यात चांगली. अर्थात ती शुक्रवारी संध्याकाळीच कोणीतरी घेतलेली असते.

दोन गोष्टींत मात्र मी चेष्टा करत नाही. कोरड्या ओढ्यात तंबू लावायचा नाही, वाळू कितीही मऊ असो. आपल्या डोक्यावर चांदणं असतं आणि लांब वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा कधी येईल ते कळत नाही. आणि वाळक्या, लोंबकळत्या फांदीखाली झोपायचं नाही. इंग्रजी लाकूडतोडे अशा फांदीला ‘विडोमेकर’ म्हणतात, म्हणजे बायकोला विधवा करणारी. हा अर्थ कळल्यापासून नवरा कुठेही गेला की आधी वर बघतो. माझ्या सगळ्या नियमांपैकी तेवढा एकच पाळतो.

पण खरी दुष्मनी उताराशी आणि दगडाशी. उभ्याने बघितलं की जमीन सपाटच दिसते. आडवं झालं की कळतं, डोकं पायांपेक्षा खाली आहे आणि रक्त विचारपूस करायला कपाळाशी जमलंय. डोकं चढाकडे घ्यावं म्हणून फिरलो, तर दार वाऱ्याकडे. आडवे झोपलो, तर चौघं घरंगळत एका भिंतीशी. आणि ‘चार माणसांचा तंबू’ यातली चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपणारी, न वळणारी आणि सामान नसलेली असतात. दगड तर नेहमी एकच असतो. संध्याकाळी वाटाण्याएवढा, मध्यरात्री लिंबाएवढा, पहाटे भोपळा. सकाळी तंबू उचलून शोधावा तर पुन्हा वाटाणा. मुलांना दाखवून काही सिद्धही करता येत नाही.

म्हणून गेल्या खेपेला मी पद्धतच बदलली. पोचल्याबरोबर, खुंट्या-बिंट्या पिशवीतून काढायच्या आत, रिकाम्या जमिनीवर सरळ आडवी पडले. हात छातीवर, डोळे मिटलेले, कान उघडे. स्वच्छतागृहाचा आवाज नाही. पाठीखाली दगड नाही. पूर्वेला झाडं, म्हणजे सकाळी सातला तंबूची भट्टीही होणार नाही. मी समाधानाने तशीच पडून राहिले.

डोळे उघडले तेव्हा सात-आठ डोकी माझ्यावर वाकलेली होती. एका गृहस्थांनी पाण्याची बाटली पुढे केली. “ताई, चक्कर आली का?” मुलं लांब उभी राहून ही आपली आई नाही असा चेहरा करत होती. नवरा वरच्या फांद्या तपासत होता.

“नाही हो,” मी म्हटलं, “रात्री झोप लागेल का ते बघतेय.”

माणसं एकमेकांकडे बघत पांगली. एक वयस्कर बाई तेवढ्या थांबल्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, चप्पल काढली आणि माझ्या शेजारी मातीत लांब झाल्या. काही क्षण डोळे मिटून गप्प.

“उलट्या पडलात,” त्या म्हणाल्या. “डोकं खाली जातंय. फिरा.”