कातड्यापेक्षा मांसाचा बाजार घातक

मगरींच्या तस्करीवरच्या तुमच्या लेखात कातड्यावरच भर आहे. पण मध्य आफ्रिकेतल्या बुटक्या मगरीचा जीव जातो तो मांसापायी. तिच्या कातडीत हाडांच्या चकत्या असतात, म्हणून चामड्याचे व्यापारी तिच्या फारसे मागे लागत नाहीत. जेमतेम दीड मीटरचा, लाजाळू जीव! काँगोच्या खोऱ्यात तिला तोंड बांधून जिवंतच बाजारात नेतात, कारण ती अन्नावाचून कित्येक दिवस तग धरते आणि बर्फाशिवाय मांस ताजं राहतं. वाचूनच संताप येतो. साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, ती असल्यामुळे आंतरराष्ट्रीय व्यापाराला आळा बसतो, पण देशातल्या देशात होणाऱ्या विक्रीला तो करार लागूच होत नाही. पोटासाठी एखादी मारणाऱ्या गावकऱ्याला मी दोष देणार नाही. लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून शहरात जाणारा माल मात्र अडवलाच पाहिजे.