जुन्या घराची तपासणी आणि विकणाऱ्याचा मान : नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नाना, सप्रेम नमस्कार.

जुने घर घेताना इसार देण्यापूर्वी इंजिनिअरकडून तपासणी करून घ्यावी, या माझ्या लेखावरची आपली सविस्तर प्रतिक्रिया वाचली. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा आशय सांगतो. ही अमेरिकेतून आलेली फॅशन आहे, खान्देशात घर पाहायला मुरलेला गवंडी पुरतो, कर्ज काढले तर बँकेचा माणूस येतोच, आणि विकणाऱ्याच्या दारात तपासनीस उभा करणे म्हणजे त्याच्या शब्दावर अविश्वास दाखवणे होय, असे आपले म्हणणे आहे. अमळनेरचे घर विकताना भाव ठरून इसार झाल्यावर खरेदीदाराने अहवाल पुढे केला, त्यात स्लॅबखालच्या आडव्या भेगेला 'बांधकामातील गंभीर दोष' म्हटले होते आणि त्यापायी आपल्याला तीन लाख रुपये सोडावे लागले. शिवाय त्याच अहवालाच्या शेवटच्या पानावर 'कोणतीही जबाबदारी नाही' असे छापलेले होते, हेही आपण लिहिले आहे. मी जळगावात ही कामे फी घेऊन करतो, तेव्हा माझ्या मतात माझा स्वार्थ आहे हे वाचकांनी गृहीत धरूनच पुढचे वाचावे.

बँकेचा मुद्दा लवकर संपणारा आहे. बँकेचा मूल्यांकनकार बँकेसाठी येतो. कर्ज थकले तर ही मिळकत विकून किती रक्कम हाती येईल, एवढाच त्याच्यापुढचा प्रश्न असतो. तो प्लॉटचे माप, मंजूर नकाशा, बांधकामाचे क्षेत्र, वय आणि परिसरातील दर पाहतो. गच्चीवरच्या टाकीखाली वाकून पाहणे किंवा संडासाखालच्या छतावर हातोडी मारून पाहणे हे त्याचे काम नाही, आणि त्याचा अहवाल अनेकदा कर्जदाराच्या हाती पडतही नाही.

अमेरिकेबद्दल आपण अर्धे बरोबर आहात. घर तपासण्याचा स्वतंत्र व्यवसाय तिथे १९७०च्या दशकात रुजला आणि तेथील निरीक्षकांची मोठी संघटना १९७६ साली स्थापन झाली. त्यांची घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची, तळघराची आणि घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची. त्यांच्या याद्या आपल्याकडे जशाच्या तशा फिरतात, आणि भुसावळच्या माणसाला चिमणी व तळघरातील ओल तपासायला सांगतात. त्या याद्यांना हसावे तेवढे थोडेच आहे. आपल्याकडे तपासायच्या गोष्टी मात्र याच मातीतल्या आहेत.

तापीच्या खोऱ्यातील काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटून तिला भेगा पडतात, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. तीच माती घराखालीही असते. पाया मुरुमापर्यंत नेला असेल तर फारसे बिघडत नाही. काळ्या मातीचा थर जिथे खोल आहे, तिथे रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेल्या, तळाशी फुगीर असलेल्या पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) वापरण्याची पद्धत आहे, आणि त्या किमान साडेतीन मीटर लांब असाव्यात असे भारतीय मानक सांगते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी बांधलेल्या कॉलन्यांतील अनेक बंगल्यांच्या वाट्याला यातले काहीच आलेले नाही. उन्हाळ्यात घराच्या कडेखालची माती मधल्या मातीपेक्षा लवकर आटते, भिंतीलगत कडुनिंब असेल तर आणखी लवकर आटते, आणि एखाद्या कोपऱ्यात न्हाणीचे पाणी मुरत असेल तर तेवढाच कोपरा फुगलेला राहतो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जाणारी भेग पडते. कड खचत असेल तर ती वरच्या बाजूस अधिक रुंद असते. पोर्चचा पाया उथळ असल्याने तो घरापासून सुटतो, आणि दरवाजे एका ऋतूत घासतात व दुसऱ्या ऋतूत नीट लागतात. अशी भेग पावसाळ्यात मिटते आणि तेव्हाच तिच्यावर पुट्टी व रंग चढतो. म्हणून दिवाळीत नुकतेच रंगवलेले घर पाहायला मिळाले, तर मी चैत्र-वैशाखात पुन्हा एकदा पाहू देण्याची विनंती करतो. तेवढा वेळ नसेल तर रंगाखालच्या पुट्टीची रेघ तिरप्या उजेडात, बॅटरी भिंतीला टेकवून शोधतो.

आता आपल्या आडव्या भेगेविषयी. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. उघडी काँक्रीटची स्लॅब त्या उन्हात प्रसरण पावते आणि रात्री आकसते. तिच्याखालची विटांची भिंत तेवढी हलत नाही. परिणामी लोड बेअरिंग, म्हणजे खांबांऐवजी भिंतींवरच छताचे वजन असलेल्या, घरात स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्यावर, बहुधा वरच्याच मजल्यावर, सरळ आडवी भेग पडते. आपण वर्णन केलेली भेग याच जातीची दिसते. घर न पाहता खात्रीने सांगणे योग्य नाही. परंतु तिची रुंदी किती, ती वाढते आहे का, तिच्यातून पाणी येते का, यांपैकी एकही गोष्ट न नोंदवता तिला 'गंभीर दोष' म्हणणारा अहवाल कच्चा होता, एवढे मी निश्चित म्हणेन. ब्रिटनमधील बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटच्या वर्गवारीत १ मिलिमीटरपर्यंतची भेग अतिकिरकोळ आणि ५ मिलिमीटरपर्यंतची किरकोळ मानली जाते. त्यापुढे मात्र काळजीचे प्रकार सुरू होतात. आपले तीन लाख तपासणीने नेले नाहीत, अर्धवट तपासणीने नेले. नीट तपासणी झाली असती तर तीच आपल्या बाजूने बोलली असती.

गवंड्याविषयी मला पुरेपूर आदर आहे. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरात लाकडी सरा (तुळई) भिंतीत शिरतो त्या टोकाशी वाळवी किंवा ओल आहे का, वरची खारी माती किती वर्षांत बदललेली नाही, हे जुना गवंडी किंवा सुतार माझ्यापेक्षा आधी ओळखतो. अशा घरासाठी मी स्वतः त्याला सोबत नेतो. काँक्रीटच्या घरात मात्र दोष बाहेरून दिसण्यापूर्वी आत बरेच घडून गेलेले असते. काँक्रीटचा अल्कधर्मीपणा सळईला गंजण्यापासून वाचवतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षे आत शिरत गेला की तो गुण कमी होतो, ओल मिळताच सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा मागतो आणि छताचे पोपडे सुटतात. छतावर हातोडीने ठोकले असता जिथे बद्द आवाज येतो तिथे काँक्रीट आतून सुटलेले असते, आणि हे गवंडीही सांगेल. पण ताज्या फोडलेल्या कडेवर फिनॉल्फ्थॅलिन या अल्कधर्मीपणा दाखवणाऱ्या रसायनाचे द्रावण लावले, की शाबूत काँक्रीट गुलाबी होते आणि निकामी झालेला भाग रंगहीन राहतो. तो रंगहीन पट्टा सळईपर्यंत पोहोचला आहे की नाही, यावर दुरुस्ती पाच-पन्नास हजारांत भागेल की पूर्ण स्लॅब बदलावी लागेल हे बरेचसे ठरते. तळमजला लोड बेअरिंग असताना नंतर वर मजला चढवलेला असेल, तर भिंतीची जाडी आणि मंजूर नकाशा समोर ठेवल्याखेरीज कोणीही मत देऊ नये.

अविश्वासाचा आपला मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे कायदा आपल्या बाजूचाही आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ नुसार, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, विकणाऱ्याला माहीत असलेला पण खरेदीदाराला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला न सापडणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तो लपवणे कपट समजले जाते. याचा दुसरा अर्थ असा, की साधारण काळजी घेतल्यावर जे दिसले असते त्याची तक्रार खरेदीदाराला नंतर सहजासहजी करता येत नाही. नव्या गृहप्रकल्पांसाठीच्या रेरा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांपर्यंतच्या बांधकाम दोषांची जबाबदारी विकासकावर असते. पंचवीस वर्षांच्या बंगल्याला तिचा उपयोग नाही. म्हणून विकणाऱ्यानेच आधी तपासणी करून घ्यावी, दोष व झालेल्या दुरुस्त्या लेखी सांगाव्यात आणि त्यानुसार भाव मागावा, असे मला वाटते. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २००८ पासून घर विक्रीला काढतानाच विकणाऱ्याला असा अहवाल तयार ठेवावा लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही, पण कोणी अडवलेलेही नाही. आपल्या प्रकरणात खरा अन्याय अहवाल इसारानंतर आला यात आहे. सौदापावतीत 'तपासणी अमुक तारखेपर्यंत पूर्ण होईल, त्यानंतर त्या कारणाने भाव बदलणार नाही' असे एक वाक्य असते, तर बोलणी तिथेच थांबली असती.

राहता राहिले शेवटचे पान. कोणताही तपासनीस प्लास्टरमागचे, फरशीखालचे आणि कुलूपबंद खोलीतले सांगू शकत नाही, त्यामुळे काही मर्यादा लिहिणे रास्त आहे. सरसकट हात झटकणे मात्र रास्त नाही. अहवालात काय पाहिले, काय पाहता आले नाही आणि का, प्रत्येक भेग कुठे व किती रुंद, तिचे पट्टी ठेवून काढलेले छायाचित्र, तपासणीची तारीख आणि इंजिनिअरची सही एवढे असलेच पाहिजे. गच्चीत पाणी साठवून २४ तास ठेवले होते की नुसती नजर टाकली, हेही त्यात स्पष्ट हवे. यापैकी काही नसेल तर विकणाऱ्याने तो अहवाल मान्य करू नये आणि खरेदीदाराने त्याची फी देऊ नये. आपला अहवाल आपल्याकडे असल्यास, नावे झाकून, त्या भेगेचे पान मला पाठवावे. दोष मातीचा की उन्हाचा, याविषयी छायाचित्रावरून जेवढे सांगता येईल तेवढे मी इथेच लिहीन.